ढेकणांसाठी कपाशीचं औषध घरात मारू नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

दोन वर्षांपूर्वी नणंदेचं लग्न झालं. एप्रिलचा महिना, पाहुणे ७०-८०, म्हणून बिछायत केंद्रातून ३० गाद्या आणल्या. लग्न पार पडलं, गाद्या परत गेल्या, आणि तीनेक आठवड्यांनी माझ्या पोराच्या दंडावर ओळीने चार गांधी उठल्या. डास असतील म्हणून कॉइल लावली. पुढचे दोन महिने आम्ही एकेक चूक करत गेलो आणि ढेकूण एका खोलीतून तीन खोल्यांत पोचले. खालच्या चुकांपैकी बऱ्याचशा आमच्याच घरच्या आहेत.

कापसातल्या ढेकण्या वेगळ्या, गादीतले ढेकूण वेगळे

आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच राहतो. यवतमाळ असो, वर्धा असो की अकोला, फेब्रुवारी-मार्चमध्ये कितीतरी घरांत पुढची खोली छतापर्यंत पांढरी असते आणि माणसं सपरीत झोपतात. या कापसाबरोबर करड्या ढेकण्या घरात येतात, कधी लाल ढेकण्याही. मी पहिल्यांदा भिंतीवर करडी ढेकणी पाहिली तेव्हा सगळ्या गाद्या अंगणात काढल्या होत्या. सासूबाई हसल्या. "अवं, त्या कापसातल्या ढेकन्या व्हय. त्या सरकी चोखतात, मानसाले नाई चावत."

त्यांचं बरोबर होतं. या ढेकण्यांना पंख असतात आणि त्या बोंडातला, सरकीतला रस शोषतात. गादीतल्या ढेकणाला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो फक्त चालतो, पण भराभर चालतो. रंग तांबूस तपकिरी, अंग चपटं, पूर्ण वाढलेला साधारण ५ मिलिमीटरचा, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा. रक्त पिऊन फुगला की लांबट आणि गडद होतो. पिल्लं फिकट, जवळजवळ आरपार दिसणारी असतात, म्हणून ती नजरेतून सुटतात.

साठवलेल्या कापसामुळेही अंगाला खाज सुटते, पण ती कापसाजवळ वावरणाऱ्याला दिवसाही सुटते. खरुजेची खाज रात्री वाढते. मात्र ती बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती असते आणि अंथरुणात काहीच सापडत नाही. तसं वाटलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. खरुजेवर गादी उन्हात टाकून काही होत नाही.

नुसत्या गांधी पाहून निकाल लावू नका, हे मी घरात भांडण होऊन शिकले. आमच्या ह्यांच्या अंगावर एकही डाग उठायचा नाही. "मला नाही चावत, तुम्हालाच बरे चावतात!" असं ते महिनाभर म्हणत होते. चावत त्यांनाही होते. काही माणसांच्या कातडीवर काहीच उठत नाही, काहींच्या अंगावर दोन-चार दिवसांनी उठतं.

खरा पुरावा अंथरुणात असतो. गादीच्या शिवणीत, बाजेच्या सुतळीच्या गाठींत, दिवाणाच्या खिळ्यांच्या भोकांत पेनाच्या टोकाने टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसतात. ओला कापूस फिरवला की ठिपका लालसर पसरतो. तीच ढेकणाची विष्ठा. सोबत कातीचे पातळ पापुद्रे आणि लाकडाला चिकटलेली मिलिमीटरभर पांढरी अंडी. रात्री दोन-तीनच्या सुमारास अचानक टॉर्च मारली तर स्वारी स्वतःच भेटते.

सगळ्यात मोठी चूक: शेतातलं औषध घरात

हे लिहिताना मला आजही राग येतो, स्वतःचाच. कपाशीवर मारून उरलेली बाटली गोठ्यात होती. शेजारच्या काकांनी सांगितलं, "पंपात थोडंसं घ्या, कोपऱ्याकोपऱ्यानं मारा, एका रात्रीत साफ." आम्ही मारलं. दार लावून दोन तास बाहेर बसलो, आणि त्याच खोलीत पोराला झोपवलं. पहाटे त्याला उलट्या. तो वाचला, पण डॉक्टर जे बोलले ते इथे लिहीत नाही.

ज्या विदर्भाने २०१७ चा खरीप पाहिला, त्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तेही उघड्या रानात, वारा वाहत असताना. बंद खोलीत, गादीवर, रांगत्या लेकराच्या हाताला लागेल अशा जागी तेच औषध मारल्यावर काय होईल? मोनोक्रोटोफॉससारखं औषध तर भाजीपाल्यावर मारायलाही पूर्वीपासून बंदी होती. शेतात ऊन-पावसाने औषधाचा अंश हळूहळू उतरतो. घरात ना ऊन ना पाऊस, तो गादीत तसाच बसून राहतो.

डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लावा. लाल म्हणजे अति जहाल. मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. पण हिरवा त्रिकोण म्हणजे घरात चालेल असंही नाही. लेबलवर घरगुती वापरासाठी असं स्पष्ट छापलेलं नसेल, तर ते औषध शेतातच राहू द्या.

त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ठेवायच्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या. "गादीखाली दोन ठेवा" असा सल्ला गावोगाव ऐकायला मिळतो. हवेतल्या दमटपणाने या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीत या गोळ्या ठेवल्यामुळे माणसं झोपेतच गेल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. ही गोळी घरात नको म्हणजे नको.

औषध अंगावर गेलं आणि मळमळ, लाळ, दरदरून घाम, छातीत दडपण असं काही वाटलं, तर ताक-लिंबू पाजत बसू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. बाटली पाहिली की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

एवढं करून ढेकूण मेले का? जे समोर होते ते मेले. जे भेगेत होते ते बाजूच्या खोलीत गेले.

डासांचा स्प्रे, रॉकेल, कडुनिंबाचा पाला

हे भरभर उरकते. डासांचा स्प्रे ढेकणाच्या अंगावर थेट पडला तर एखादा मरेल, पण त्यातल्या औषधांना बरेच ढेकूण आता सरावलेत. ही गोष्ट नवी नाही. १९५८ मध्ये मलेरिया निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली तेव्हा डीडीटी मारणारी पथकं घरोघर येत, फवारणी झाली की भिंतीवर तारीख टाकून जात. सासूबाईंच्या माहेरी सुरुवातीला ढेकूणही मेले, म्हणून लोक खुश. काही वर्षांत ढेकणांना डीडीटीचं काही वाटेना. उलट फवारल्यावर ते चवताळून भेगांतून बाहेर पडायचे, आणि मग लोक फवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवू लागले.

रॉकेल-पेट्रोल ओतणं म्हणजे लाकडी बाजेला सरण करणं. एका बिडीची ठिणगी पुरते. कडुनिंब, निर्गुडीचा पाला, कापूर यांचा वास चांगला असतो, माझी तक्रार नाही. पण ढेकूण वासाने घर सोडत नाही.

गादी उन्हात टाकली की झालं, हा समज

आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो, मग ढेकूण का मरू नयेत? उष्णतेने ते मरतात हे खरंच आहे. ५० अंशाच्या वर तर काही मिनिटांतच. पण ४८ अंशाला अंडी मरायला तासाच्या वर लागतो, आणि चार इंच कापसाची गादी उन्हात ठेवली तर वरचं कापड तापतं, आतला कापूस थंडच राहतो. ढेकूण खालच्या, सावलीच्या बाजूला सरकतो. संध्याकाळी आपण गादी उचलून घरात आणतो, तो तिच्यासोबत परत येतो.

हेच ऊन नीट वापरलं तर उपयोगी आहे. चादरी, कपडे, पातळ गोधड्या काळ्या जाड प्लास्टिकमध्ये पातळ थराने घाला आणि तोंड घट्ट बांधा. सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत टिनाच्या पत्र्यावर ठेवा, मधून पलटा, असं दोन-तीन दिवस करा. मध्यभागी हात घातल्यावर चटका बसला पाहिजे. गाठोडं करून ठेवलं तर मधले वाचतात. जाड गादीसाठी हा उपाय नाही. तिची खोळ काढून कडक पाण्यात घाला, शिवणींवरून गरम इस्त्री सावकाश फिरवा, आणि फार जुनी असेल तर निरोप द्या. फोमच्या गादीवर इस्त्री नको, ती वितळते.

निरोप देतानाही एक चूक होते. आम्ही गादी उकिरड्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. कोणीतरी घरी नेली असणार. आजही वाईट वाटतं. गादी फाडून, वापरता येणार नाही अशी करून टाका.

बाहेर झोपून ढेकूण उपाशी मारणे

उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकायची आपली सवय, त्यामुळे हा विचार पटकन सुचतो. पण मोठा ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो, थंडीत तर त्याहून जास्त. तो भेगेत पडून राहतो. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब हीच त्याची हाक. आपण दुसऱ्या खोलीत गेलो की तो मागून येतो, आणि अंगणात नेलेल्या बाजेच्या गाठींत तर तो आधीच बसलेला असतो. तेव्हा झोपायची जागा बदलू नका. उलट एक बाज साफ करून तीच सुरक्षित करा.

ती अशी. बाज भिंतीपासून वीतभर लांब. गोधडी, चादर, मच्छरदाणी जमिनीला टेकायला नको. चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत. आपल्या उष्ण भागातला ढेकूण गुळगुळीत वाटीवरही चढू शकतो, म्हणून साबण हवाच. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. साधं पाणी आठवडाभर साचलं तर त्यात डेंग्यूच्या डासाची पैदास होते.

फक्त बाज बघितली, भिंत विसरलो

आमचा सगळ्यात मोठा अड्डा कुठे निघाला? गणपतीच्या फोटोमागे. दुसरा, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांच्या थप्पीत. मातीच्या भिंतीतली भेग, दाराची चौकट, स्विचबोर्ड, खुंटी, पलंगाखालचं बोचकं, आलमारीची मागची बाजू, सगळं बघा. माणूस झोपतो तिथून पाच-सहा फुटांत बहुतेक सापडतात. भेगा माती-शेणाने लिंपा, नाहीतर पुट्टीने भरा. स्विचबोर्डवर कोणताही फवारा किंवा पाणी मारू नका.

लाकडी आणि लोखंडी बाजेला गंजभर उकळतं पाणी हेच आमचं औषध ठरलं. सांध्यात, भोकांत, गाठींत सावकाश ओता. वरवर शिंपडलं तर पाणी जागेवर पोचेपर्यंत कोमट होतं. सुतळी फार भरली असेल तर उसवून जाळा आणि बाज नवी विणा. प्लायवूडच्या दिवाणाला मात्र पाणी नको, तो फुगतो. त्याचे सांधे गरम इस्त्रीने किंवा वाफेने तापवा.

एकदाच करून थांबणं

मादी रोज दोन-चार अंडी घालते, आयुष्यात शेकड्यांनी. आपल्या उष्ण हवेत ती आठवड्या-दहा दिवसांत फुटतात. म्हणजे आज सगळे ढेकूण मारले तरी पुढच्या आठवड्यात नवी पिल्लं आहेतच. आम्ही दर १२ दिवसांनी, असं तीन वेळा उकळतं पाणी आणि झडती केली. दुसऱ्या वेळी सगळे कंटाळले होते, आणि नेमकी तेव्हाच फोटोमागे पिल्लं सापडली. तिसऱ्यानंतरही सहा आठवडे दर रविवारी टॉर्च घेऊन बघत होते. एवढ्याने आवरलं नाही तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. कोणतं औषध मारणार, लेकरांना किती तास बाहेर ठेवायचं आणि दुसऱ्यांदा कधी येणार, हे तीन प्रश्न आधीच विचारा. एका फेरीत संपवतो म्हणणारा टाळा.

लपवणं

ढेकूण म्हणजे घाणेरडं घर, ही समजूत चुकीची आहे. त्यांना घाण नको, रक्त हवं. ते मजुरीहून आलेल्या बिऱ्हाडासोबत येतात, वसतिगृहातल्या पोराच्या पेटीतून येतात, दवाखान्यातल्या मुक्कामातून येतात, स्वस्तात घेतलेल्या जुन्या दिवाणातून येतात. त्यांच्यामुळे माणसात रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही. खाजवून जखम चिघळते आणि झोप जाते, हा खरा त्रास. थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन, आणि लेकरांची नखं कापलेली, एवढं बहुतेकांना पुरतं.

पण लाजेपायी आम्ही शेजारी सांगितलं नाही. मधली भिंत सामाईक, वर वासे सामाईक. आम्ही इकडे उकळतं पाणी ओतत होतो आणि ते तिकडे जात होते. शेवटी शेजारच्या वहिनीच एका रात्री हळूच विचारायला आल्या, "तुमच्याकडं बी हायेत का व?" त्यानंतर दोन्ही घरांनी एकाच दिवशी काम काढलं.

यंदा पुन्हा घरात लग्न आहे, पुतण्याचं. बिछायतवाल्याला सांगून ठेवलंय की गाद्या उतरवताना मी टॉर्च घेऊन उभी राहणार. तो हसला, म्हणाला, "ताई, पहिल्यांदाच कोणी असं म्हणतंय."