रेस दिली की गाडी मरते? आधी चोक ओढा

नागपुरात मानेवाड्याच्या माझ्या दुचाकीच्या गॅरेजवर उन्हाळा लागला की हे वाक्य ठरलेलं: "दादा, उभी असली का मस्त चालते, रेस देली का मरते." मागोमाग गिऱ्हाईक निदानही स्वतःच सांगतो, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदला. थांबा जी, एवढ्यात खिशात हात घालू नका.

स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, पेट्रोल देतो तो कार्बोरेटरमधला छोटा स्लो जेट; जेट म्हणजे बारीक भोकाचा तुकडा. रेस दिली की काम कार्बोरेटरची सुई आणि मोठ्या मेन जेटकडे जातं, मागणी एकदम वाढते. गाडी स्लोवर नीट उभी राहते त्याअर्थी प्लगला करंट आहे, कॉम्प्रेशनही बहुतेक ठीक आहे. वाढलेली मागणी पुरवतानाच कुठेतरी अडतंय.

इंजिन गरम होऊ द्या, गाडी न्यूट्रलला ठेवा, चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) अर्धा ओढा आणि हळूहळू रेस द्या. आता रेस घेतली, तर पेट्रोल कमी पडतंय नाहीतर फालतू हवा आत जातेय. उलट आणखी घुसमटली, काळा धूर आला, तर एअर फिल्टर काढून बघा. सिमेंट रोडच्या कामांची धूळ त्यात पिठासारखी बसलेली असते. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, सरळ नवा टाका.

पेट्रोल कमी पडतंय म्हटलं की लोक जेटवर जातात, मी आधी टाकीच्या झाकणावर जातो. त्याला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तितकी हवा तिथून आत यायला हवी. ते धुळीनं बुजतं, पॉलिशनं बुजतं, आणि हौसेनं चढवलेल्या रेक्झिनच्या कव्हरची पट्टी तर नेमकी त्याच्यावरच दाबून बसते. मग गाडी बर्डीच्या सिग्नलवर आरामात उभी राहते आणि वर्धा रोडच्या पुलावर वेग घेतला की मरते. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला आणि गाडी लगेच रेस घ्यायला लागली, तर दोष सापडला. टाचणी घालून भोक मोकळं करा.

तिथे काही नसेल तर इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरची पेट्रोल नळी काढून बाटलीत धरा आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा. धार सलग हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी कचऱ्यानं भरली आहे. (काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो, तिथे सेल्फ मारल्याशिवाय धार येणार नाही.) आणि बिडीवाल्याला लांब उभं करा.

धार ठीक असेल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या. स्टीलच्या भांड्यात काही दिसत नाही. तळाशी वेगळा थर किंवा गोळ्या दिसल्या तर पाणी आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण जास्त झालं की ते वेगळं होऊन खाली बसतं. टाकी रिकामी करावी लागेल.

आता जेट. वायरमधली तांब्याची एकच तार सोडवून भोकातून फिरवा, मग हवा मारा. शिवणाची सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला. एअर स्क्रू (स्लोची हवा कमी-जास्त करणारा) काढायचा असेल तर आधी आत टेकेपर्यंत हलक्या हातानं फिरवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा आणि बसवताना तितकेच सोडा. वर मोठं गोल झाकण असलेल्या कार्बोरेटरमध्ये रबरी डायफ्राम (पातळ पडदा) असतो. तो उजेडात धरा. टाचणीएवढं छिद्र असलं तरी कार्बोरेटरमधला पिस्टन नीट वर उचलला जात नाही. त्यावर क्लीनरचा फवारा मारू नका, रबर फुगतं.

जेट साफ होऊनही तेच, तर मेनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणारं, रबर बघा. आपल्या मे महिन्यात ते कडक होऊन तडकतं. स्लोवर असताना सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथूनच हवा ओढतेय.

२०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीला सहसा कार्बोरेटर नसतो, इंजेक्शन, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी यंत्रणा असते. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असेल तर स्कॅनर असलेल्याकडेच न्या. पण न्यूट्रलला रेस घेते आणि गिअर टाकताच बंद पडते असं असेल, तर आधी साइड स्टँडचा स्विच पुसून बघा. पावसाळ्यात त्यात चिखल बसतो.