ट्रॉलीच्या जीपीएस ट्रॅकरची बॅटरी हंगामभर कशी टिकवायची

ट्रॅक्टरला ट्रॅकर लावणं सोपं, गाडीच्या बॅटरीवरून वायर ओढली की झालं. ट्रॉलीला कुठली आलीय बॅटरी, म्हणून मॅग्नेटवाला, आतच बॅटरी असलेला ट्रॅकर घ्यावा लागतो आणि मग दर आठवड्याला चार्जिंगची कटकट. दुकानदार १०,००० एमएएचचा (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) डबा पुढे करतो, पण खरा खेळ सेटिंगचा आहे.

आतला मोशन सेन्सर अगदी मायक्रोअँपवर भागवतो, त्यामुळे तो २४ तास जागा असतो. खादाड ते जीपीएस आणि सिमचा मॉडेम. ट्रॉली हलली की सेन्सर त्यांना उठवतो, लोकेशन जातं, हलणं थांबून ठरलेली मिनिटं (सेटिंगमधला स्टॉप टाइम) झाली की परत झोप. तासन्‌तास झोपून उठल्यावर सॅटेलाइटची ताजी माहिती घ्यायला मोकळ्या आभाळाखाली साधारण ३० सेकंद लागतात, पत्र्याच्या शेडमध्ये किती लागतील देव जाणे.

आता हिशोब बघा. समजा जागेपणी सरासरी ६० मिलिअँप खर्च आहे, कायम जागं ठेवलं तर दिवसाला १४४० एमएएच, म्हणजे १०,००० ची बॅटरी जेमतेम ७ दिवस. तेच दिवसाला २ तास जागं आणि बाकी झोपेत १ मिलिअँप धरलं तर दीडशेच्या आसपास एमएएच, दोन महिने आरामात, अर्थात कागदावर.

हंगामात गोची होते ती साखर कारखान्याच्या रांगेत. काट्यापुढे गाड्या थोड्या थोड्या वेळाने चार पावलं सरकतात, स्टॉप टाइम १ मिनिट ठेवला तर दर सरकण्याला झोपेतून उठणं, नेटवर्क शोधणं, जीपीएस लावणं सगळं नव्याने, आणि ३० मिनिटं ठेवला तर रात्रभर झोपतच नाही. मी ५ मिनिटं ठेवतो, चालू असताना रिपोर्ट २ मिनिटांनी. सेन्सिटिव्हिटी मधली, हाय ठेवली तर शेजारून ट्रक गेला तरी जागं होतं.

हार्टबीट मात्र बंद करू नका, म्हणजे ट्रॉली उभी असली तरी दिवसातून एकदोनदा "मी आहे" असा रिपोर्ट. नाहीतर दोन दिवस काहीच आलं नाही तर ट्रॉली उभी आहे, बॅटरी मेलीय की कोणी ट्रॅकर उपटून फेकलाय, काय कळणार?

अजून एक, डीप स्लीपमध्ये मॉडेमच बंद असतो, त्यामुळे मेसेज टाकून लोकेशन मागितलं की लगेच उत्तर येणार नाही, पुढच्या जागेपणी येईल. पीस खराब आहे म्हणून परत करायला धावू नका.

टूजी ट्रॅकरमध्ये जिओचं सिम चालत नाही, जिओला टूजी नाहीच. रेंज कमी तिथे मॉडेम जास्त ताकद लावतो आणि बॅटरी पटकन उतरते, म्हणून ट्रॅकर चासीच्या पोटात पार आत चिकटवू नका, थोडं तरी आभाळ दिसेल अशा कडेला लावा आणि वरून केबल टाय मारा, खड्ड्यांत नुसत्या मॅग्नेटचा भरवसा नाही.