घरी शिकलेलं मूल शाळेत घालताय? आधी राज्य घ्यायला शिकवा

माझी दोन्ही मुलं देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत घरीच शिकली. मोठा ८ वर्षांचा आणि धाकटी ७ वर्षांची झाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, आणि त्यानंतर मुंबई-पुण्याहून गावी येऊन राहिलेल्या आणखी चार घरांतल्या मुलांच्या वेळी मी सोबत होते. म्हणून सांगते, ते जे सगळे सांगतात ना, की आधी बालभारतीची पुस्तकं आणा आणि दोन महिने बसवून घोकून घ्या, ते अजिबात करू नका. घरी शिकलेलं मूल पुस्तकात मागे नसतं, ते पोरांच्या घोळक्यात मागे असतं.

प्रवेशाचं काम एका सकाळचं आहे. जन्मदाखला, आधार, फोटो. आधीच्या शाळेचा दाखला मागितला तर आधी शाळाच नव्हती हे सरळ सांगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ४ आहे, ६ वर्षांवरचं जे मूल शाळेत गेलेलंच नाही त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, आणि बरोबरीला यायला वेगळं शिकवण्याची सोयही त्यातच आहे. वयाचा पुरावा नाही किंवा वर्ष सुरू झालंय म्हणून परत पाठवता येत नाही, चाळणी परीक्षा घेता येत नाही. माझ्या ८ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवूया म्हणणारे एकजण मला भेटले होते, मी कलमाचा कागद पुढे ठेवला, तो तिसरीत बसला. आवाज चढवायची गरज पडत नाही.

परिपाठासाठी राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि राज्यगीत पाठ करून घ्या. फळ्यावरचं बघून लिहायची सवय रोज दहा मिनिटं, बस.

आता खरं काम. पहिल्या आठवड्यात मुलगा घरी यायचा, दप्तर पडवीत टाकायचा आणि धावत मागच्या दारी जायचा. मला वाटायचं भूक लागली असेल. चौथ्या दिवशी दप्तर आवरताना बघितलं तर पाण्याची बाटली सकाळी भरलेली तशीच, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. रात्री झोपताना त्याने विचारलं, आई, लघवीला जायचं तर कोणाला सांगायचं? चार दिवस तो पाणीच प्यायला नव्हता. बाकीची पोरं करंगळी वर करतात, बाई जाऊ? म्हणतात आणि पळतात, पण याला जन्मात कधी कोणाला विचारायची वेळच आली नव्हती. तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आधी मुलाला एकदा शाळेत नेऊन संडास दाखवा, कडी त्यालाच लावायला आणि काढायला लावा, पाण्याचं पिंप कुठे आहे ते दाखवा, आणि घरी दोन आठवडे करंगळी वर करून विचारायची सवय करा. स्वतःच्या घरात पोराला परवानगी मागायला लावताना मला फार वाईट वाटलं होतं, तरी करा. आणि शाळेतून आल्यावर कसा गेला दिवस विचारत बसू नका, बाटली बघा.

दुसरी गोष्ट मधली सुट्टी. वर्गात बाई असतात, पण खिचडी खाऊन ताट धुतलं की पुढचा वेळ पोरांचा. मी नऊ दिवस छत्री घेऊन शाळेच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, उभी राहिले, आणि तो नऊ दिवस पायरीवर बसून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी बाईंनीच सांगितलं, तुम्ही दिसताय तोवर तो तुमच्याकडेच बघणार, घरी जा. गेले. दोन दिवसांनी एका पोराने त्याला हाक मारली, येतंस खेळूक? एक गडी कमी आसा. आणि पहिल्याच डावात राज्य आल्यावर हा भांडत बसला, मला आधी कुणी नियम सांगितला नव्हता, हे बरोबर नाही, पुन्हा सुटूया. पोरांनी थोडा वेळ ऐकलं आणि त्याला सोडून पलीकडे जाऊन खेळायला लागली.

यात चूक माझी होती. आमच्या घरी प्रत्येक गोष्टीवर चर्चा व्हायची, आणि खेळताना मी मुद्दाम हरायचे. असं करू नका. राज्य आलं की घ्यायचं, कुरकुर न करता, पुन्हा आलं तर पुन्हा घ्यायचं, एवढं एक ज्या मुलाला जमतं ते शाळेत रुळतं, हे मी सहाही मुलांत बघितलंय. धाकटीच्या वेळी मे महिन्यात तिला रोज संध्याकाळी वाडीतल्या पोरांत काजूच्या बिया खेळायला सोडली, मी जवळसुद्धा फिरकले नाही, खिसाभर बिया घेऊन जायची आणि रिकाम्या खिशाने रडत यायची, मी नव्या बिया दिल्या नाहीत. जूनमध्ये ती दुसऱ्याच दिवशी डबा ऐसपैसमध्ये होती.

बाईंना तुमची शिक्षणपद्धत समजावत बसू नका. मुलाला काय वाचता येतं आणि तो कशाला घाबरतो, दोन वाक्यं पुरे. दोन शिक्षकी शाळा आहे, तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते म्हणून नाकं मुरडू नका, उलट घरून आलेल्या मुलाला तेच सोपं जातं, मोठ्यांचा धडा कानावर पडतो आणि लहानांना सांगायला मिळतं. आणि मूल घरी येऊन माका, तुका बोलायला लागलं तर चुकूनही टोकू नका, ती भाषा त्याने स्वतः मैदानात मिळवलेली असते.

गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा पोटात दुखतं, जायचं नाही म्हणतात. तेव्हा घाबरून घरी ठेवू नका आणि स्वतः सोडायलाही जाऊ नका, शेजारच्या पोरांना सकाळी हाक मारायला सांगा आणि त्यांच्याबरोबर पाठवा.