डिफरन्शियल इक्वेशन्सचा कोर्स: होमवर्क आणि परीक्षांचं वेळापत्रक कसं आखावं

कोर्सच्या पहिल्या दिवशी मिळणाऱ्या कागदावर तारखा असतात, गुणांची टक्केवारी असते आणि कोणत्या आठवड्यात कोणता पाठ हेही असतं. बहुतेक जण तारखा फोनमध्ये टाकतात आणि कागद विसरून जातात. डिफरन्शियल इक्वेशन्स म्हणजे एखादं अनोळखी फंक्शन आणि त्याचे अवकलज (डेरिव्हेटिव्ह) यांना जोडणारी समीकरणं; या विषयात तेवढ्याने भागत नाही. होमवर्कचा संच 'एक्झॅक्ट इक्वेशन्स' अशा एखाद्या पाठाखाली येतो, त्यामुळे पद्धत कोणती वापरायची हे शीर्षकच सांगून टाकतं. परीक्षेत मात्र पाच समीकरणं नुसती एकाखाली एक मांडलेली असतात आणि कोणतं कशाने सुटेल हे ओळखण्यातच अर्धी लढाई असते. हा ओळखण्याचा सराव कुठल्याही वेळापत्रकात छापलेला नसतो. त्याची जागा आपणच काढायची.

सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर साधारण मांडणी अशी असते. पहिले चार आठवडे पहिल्या कोटीची (फक्त पहिला अवकलज असलेली) समीकरणं: सेपरेबल (दोन चलं दोन बाजूंना वेगळी करता येणारी), लिनिअर (उकल आणि तिचा अवकलज फक्त पहिल्या घातात असलेली), एक्झॅक्ट (एकाच फंक्शनचं पूर्ण अवकलन म्हणून लिहिता येणारी), उकल अस्तित्वात आहे का आणि एकमेव आहे का याचं प्रमेय, थोडी ऑयलरची संख्यात्मक रीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पहिली मिडटर्म. मग नवव्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या कोटीची लिनिअर समीकरणं, त्यानंतर लाप्लास ट्रान्सफॉर्म (समीकरणाला साध्या बीजगणितात बदलणारी रीत), दहाव्या-अकराव्या आठवड्यात दुसरी मिडटर्म, आणि शेवटी समीकरणांच्या सिस्टिम्स (एकत्र सोडवायची समीकरणं), आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सच्या ज्या संख्यांवरून उकली ठरतात त्या), फेज पोर्ट्रेट (उकलींच्या वाटांची आकृती). काही ठिकाणी सीरिज सोल्युशन किंवा फूरिए श्रेणीही असते. क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पण कशावर काय उभं आहे ते बदलत नाही. दुसऱ्या आठवड्यात लॉजिस्टिक समीकरणासाठी (मर्यादेपाशी थांबणाऱ्या वाढीचं समीकरण) केलेले पार्शल फ्रॅक्शन (मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे) लाप्लासमध्ये पानोपानी लागतात. दुसऱ्या कोटीच्या समीकरणाचं कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन (अवकलजांच्या जागी घात ठेवून मिळणारं बीजगणिती समीकरण) सिस्टिम्समध्ये आयगेनव्हॅल्यूचं समीकरण होऊन परत येतं. मधले तीन-चार आठवडे ज्याचे सुटले, त्याला पुढचा अर्धा कोर्स जड जातो, म्हणून आजारपण किंवा प्रवासामुळे काही बुडणारच असेल तर ते या भागातलं बुडू नये एवढं बघा.

टक्केवारीचा हिशेब एकदा कागदावर करून ठेवा. समजा होमवर्क २०, दोन मिडटर्म प्रत्येकी २० आणि फायनल ४० टक्के आहे. होमवर्कचे १० संच असतील आणि सगळ्यात कमी गुणांचा एक वगळला जात असेल, तर एका संचाचं वजन सुमारे २.२ टक्के होतं. मिडटर्ममध्ये सारख्या गुणांचे पाच प्रश्न असतील तर एका प्रश्नाचं वजन ४ टक्के. म्हणजे मिडटर्मच्या आदल्या रात्री संचातल्या शेवटच्या अवघड गणितासाठी जागणं हा तोट्याचा सौदा आहे. याचा अर्थ होमवर्क हलकं घ्यावं असा मात्र नाही, कारण परीक्षेतले प्रश्न बहुधा त्याच घराण्यातले असतात. उशिरा दिलेलं होमवर्क चालतं का, कमी गुणांचा संच खरंच वगळतात का, मिळून काम केलं तर उत्तरं स्वतंत्र लिहायची का, हे नियम पहिल्याच आठवड्यात वाचून घ्या. वगळला जाणारा तो एक संच सुरुवातीलाच आळसात खर्च करू नका. बाराव्या आठवड्यात बाकीच्या विषयांच्या परीक्षा एकदम अंगावर येतात, तेव्हा तो कामाला येतो.

आता आठवड्याची आखणी. वर्ग आठवड्याला तीन तास असेल तर बाहेर सहा तास धरा, आणि ते सलग धरू नका. संच मिळाला त्याच दिवशी वीस मिनिटं काढून सगळी गणितं नुसती वाचायची आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीने प्रकार लिहायचा: सेपरेबल, लिनिअर, दोन्ही, अजून शिकवलेलं नाही. सोडवायचं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दीड-दोन तासांत जेवढं शिकवून झालंय तेवढं कच्चं सोडवायचं. एका गणितावर २५ मिनिटं अडकलात तर कुठल्या ओळीशी अडलं ते लिहून पुढे जायचं. प्राध्यापकांच्या किंवा सहायकांच्या शंकानिरसनाच्या वेळेला ती ओळ घेऊन जायचं. 'हे गणित येत नाही' म्हणून गेलं की पूर्ण उकल पाहायला मिळते आणि दोन दिवसांत विसरली जाते. 'इथे पर्टिक्युलर सोल्युशन शून्य का येतंय' असं विचारलं की लक्षात राहतं. उरलेली गणितं वर्गातला पुढचा भाग झाल्यावर सोडवायची, आणि देण्याच्या आदल्या दिवशी फक्त पडताळा आणि स्वच्छ प्रत.

पडताळ्यावर थोडं थांबायला हवं, कारण गणिताच्या फार थोड्या विषयांत ही सोय इतकी सहज मिळते. उत्तर आलं की ते मूळ समीकरणात घालून पाहता येतं. अवकलज काढणं हे इंटिग्रेशनपेक्षा बहुधा सोपं असतं, दोन मिनिटांत उत्तर बरोबर की चूक ते कळतं. सुरुवातीची अट जुळते का हेही पाहायचं. संगणकावर उत्तर भरायचं होमवर्क असेल तर यंत्र लगेच बरोबर-चूक सांगतं आणि पडताळ्याची सवय मोडते. परीक्षेच्या कागदाशेजारी यंत्र नसतं, शिवाय तिथे पद्धतीला गुण असतात. म्हणून तेही होमवर्क वहीत पूर्ण पायऱ्यांसह लिहूनच भरा.

कुठे काय चुकतं ते आता प्रकरणवार. सूत्रांत क्ष हे स्वतंत्र चल, य ही शोधायची उकल, य′ हा तिचा अवकलज, क, क₁, क₂, अ हे स्थिरांक आणि ई ही सुमारे २.७१८ ही संख्या आहे.

पहिल्या दोन संचांतल्या बऱ्याच चुका खरं तर इंटिग्रेशनच्या असतात. पहिल्या आठवड्यातच पंधरा-वीस इंटिग्रल्स हाताने करून घ्या: सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन. त्यानंतरची हमखास चूक म्हणजे हरवलेली उकल. य′ = य² − ४ सोडवताना दोन्ही बाजूंना य² − ४ ने भागतात, आणि त्या क्षणी य = २ व य = −२ या दोन स्थिर उकली हातातून निसटतात. परीक्षक नेमकी य(०) = २ ही अट देतात. तिथे पानभर पार्शल फ्रॅक्शन करून शेवटी शून्याने भागायची वेळ येते, आणि उत्तर एवढंच असतं: य = २. भागण्याआधी 'भाजक शून्य कधी होतो' ही एक ओळ लिहायची सवय लावा.

लिनिअर समीकरणात इंटिग्रेटिंग फॅक्टर (ज्याने गुणल्यावर डावी बाजू एकाच अवकलजात मिटते) काढण्याआधी य′ चा सहगुणक १ करावा लागतो. क्षय′ + २य = क्ष³ हे उदाहरण घ्या. घाईत २ चं इंटिग्रेशन करून ई^(२क्ष) लिहिला की पुढचं सगळं पाण्यात. आधी क्ष ने भागून य′ + (२/क्ष)य = क्ष² करा, फॅक्टर क्ष² येतो, मग (क्ष²य)′ = क्ष⁴, आणि उत्तर य = क्ष³/५ + क/क्ष². शेवटच्या पायरीत क लाही क्ष² ने भागायचं असतं. तो शेवटी नुसता '+ क' म्हणून चिकटवणारे दर वर्षी असतातच.

उकल कुठपर्यंत खरी, हा प्रश्न होमवर्कमध्ये एखाद्याच गुणाचा असतो, परीक्षेत जास्त. य′ = य², य(०) = १ याची उकल य = १/(१ − क्ष) आहे आणि ती क्ष < १ एवढ्यातच चालते. समीकरणात कुठेही भागाकार नाही, तरी उकल १ पाशी फुटते. असं का होतं ते स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहिता येणं ही पहिल्या मिडटर्मची चांगली तयारी आहे.

दुसऱ्या कोटीत क्रमाला फार महत्त्व आहे: आधी होमोजिनिअस उकल (उजवी बाजू शून्य धरून मिळणारी), मग पर्टिक्युलरचा (दिलेल्या उजव्या बाजूला जुळणाऱ्या एका उकलीचा) अंदाज, दोन्हींची बेरीज, आणि सगळ्यात शेवटी सुरुवातीच्या अटी. य″ − ३य′ + २य = ई^क्ष, य(०) = ०, य′(०) = ० घ्या. कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशनची मुळं १ आणि २. म्हणजे ई^क्ष आधीच होमोजिनिअस उकलीत आहे, आणि अ·ई^क्ष असा अंदाज केला तर डावी बाजू शून्य होते. अंदाज अ·क्ष·ई^क्ष घ्यायचा, अ = −१ मिळतो. आता क₁ई^क्ष + क₂ई^(२क्ष) − क्षई^क्ष या पूर्ण उकलीला अटी लावल्या की क₁ = −१, क₂ = १. कुणी अटी आधीच होमोजिनिअस भागाला लावल्या तर दोन्ही स्थिरांक शून्य येतात, उरलेल्या −क्षई^क्ष चा अवकलज क्ष = ० ला −१ येतो, अट मोडते. दहा सेकंदांच्या पडताळ्यात हे दिसलं असतं. व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्समध्येही (पर्टिक्युलर उकल काढायची दुसरी रीत) य″ चा सहगुणक आधी १ करायचा असतो; सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं ते बहुधा इथेच.

लाप्लासचा तक्ता बऱ्याच परीक्षांत दिलेला असतो, पण तो कसा छापलेला आहे ते आधी मागून पाहा. खरा घोळ स्टेप फंक्शनमध्ये (एका क्षणापर्यंत ० आणि पुढे १ असणारं फंक्शन) होतो. वेळ ट ला ३ पाशी चालू होणाऱ्या स्टेपने गुणलं आहे, तर ट्रान्सफॉर्म ई^(−३स)/स² (स हे ट्रान्सफॉर्मनंतरचं चल) असा लिहून मोकळे होतात. सरकवण्याआधी ट च्या जागी ट + ३ घालावं लागतं, म्हणून खरं उत्तर ई^(−३स) × (१/स² + ३/स). या प्रकारची सहा-सात गणितं सलग केली की हात बसतो. बाकी लाप्लास म्हणजे मुख्यतः पार्शल फ्रॅक्शनची चिकाटी.

संख्यात्मक रीतीचं होमवर्क संगणकावर असेल तर ते आदल्या रात्रीवर टाकू नका. प्रोग्रॅम चालतो, आकडे येतात, पण ते बरोबर आहेत का हे कळत नाही. उकल माहीत असलेलं समीकरण घेऊन पायरीची लांबी निम्मी करून पाहा: ऑयलरमध्ये चूक साधारण निम्मी व्हायला हवी, चौथ्या कोटीच्या रुंगे-कुट्टामध्ये साधारण सोळावा हिस्सा. तसं झालं नाही तर सूत्रात कुठेतरी गडबड आहे.

आता मिडटर्मच्या आधीचे दहा दिवस. इथे वेळापत्रकातच एक खोच असते: परीक्षेच्या अगदी आधी शिकवलेल्या भागाचं होमवर्क तपासून परत आलेलं नसतं, कधीकधी तर दिलेलंही नसतं, पण तो भाग परीक्षेत असतो. त्यामुळे त्या पाठाखालची, ज्यांची उत्तरं पुस्तकामागे आहेत अशी पाच-सहा गणितं आपणहून सोडवा. जुने संच परत मिळाले की गुण पाहून कप्प्यात टाकू नका. तपासणारे बऱ्याचदा संचातली निवडक दोन-तीन गणितंच बारकाईने पाहतात, त्यामुळे पूर्ण गुण मिळालेल्या संचातही चुका उरलेल्या असू शकतात.

ओळखण्याचा सराव असा करा. सगळ्या जुन्या संचांतली तीसेक समीकरणं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा, मागे पाठाचा क्रमांक लिहा, चिठ्ठ्या पिसा. प्रत्येकीला दोन मिनिटं: प्रकार कोणता, पद्धत कोणती, पहिली ओळ काय. पूर्ण सोडवायचं नाही. एकच समीकरण सेपरेबलही असेल आणि लिनिअरही, तर कमी इंटिग्रेशनचा रस्ता निवडायचा. तासाभरात तीस चिठ्ठ्या होतात, आणि चुकलेल्या पाच-सहांवरून उरलेल्या दिवसांत नेमकं काय करायचं ते कळतं. सुटलेली उदाहरणं पुन्हापुन्हा वाचण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो आणि सगळं येतंय असा भ्रम तेवढा वाढतो. दोन दिवस आधी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, वही बंद ठेवून सोडवा.

परीक्षा ७५ मिनिटांची आणि प्रश्न पाच असतील तर तीन मिनिटं वाचन, प्रत्येकी बारा मिनिटं, आणि शेवटी बारा मिनिटं पडताळ्याला उरतात. 'सहगुणक काढू नका, फक्त पर्टिक्युलर सोल्युशनचं रूप लिहा' असं म्हटलेलं असताना सहगुणक काढत बसणारे इथेच वेळ घालवतात. इंटिग्रल अडलं तर ते तसंच लिहून ठेवून पुढची पायरी मांडा, पद्धतीचे गुण मिळतात.

फायनलची तारीख पहिल्याच आठवड्यात बाकीच्या विषयांशी ताडून पाहा, कारण एका दिवशी दोन परीक्षा आल्या तर बदलासाठी अर्ज करायची मुदत बरीच आधी संपते. फायनल संपूर्ण अभ्यासक्रमावर असली तरी दुसऱ्या मिडटर्मनंतरचा भाग तोवर कुठल्याच परीक्षेत आलेला नसतो, त्यामुळे त्यावर प्रश्न जास्त यायची शक्यता धरा. तयारीचा साधारण ४० टक्के वेळ सिस्टिम्सना द्या. तिथे आयगेनव्हॅल्यू काढल्या काढल्या तपासायच्या: त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णाच्या बेरजेइतकी, गुणाकार डिटरमिनंटइतका. दोनावर-दोनच्या मॅट्रिक्समध्ये आयगेनव्हेक्टर काढताना दोन्ही ओळी एकच समीकरण देत नसतील (एखादी ओळ पूर्ण शून्य आली तर चालतं) तर आयगेनव्हॅल्यूच चुकली आहे, पुढे जाऊ नका. कॉम्प्लेक्स जोडी आली तर एकाच आयगेनव्हेक्टरवर काम करा, त्यातून मिळणाऱ्या उकलीचे वास्तव आणि काल्पनिक भाग याच दोन स्वतंत्र उकली असतात. डिटरमिनंट ऋण असेल तर फेज पोर्ट्रेट सॅडलचंच (काही वाटा मध्याकडे येतात, बाकीच्या दूर जातात असं) येणार, आकृती काढायच्या आधीच तसं लिहून टाका.