हेपा फिल्टरचं सर्टिफिकेट फाईलला लावून थांबू नका, जागेवर टेस्ट करा

हेपा म्हणजे ऑपरेशन थिएटर किंवा औषध कारखान्याच्या स्वच्छ रूममध्ये हवेतले बारीक कण अडवणारा फिल्टर. बॉक्ससोबत कंपनीचं सर्टिफिकेट येतंच मग परत टेस्ट काहून करायची, हे नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या साईटवर नवीन आलेले पोट्टे मला नेहमी विचारतात. तर भाऊ, ते सर्टिफिकेट फिल्टर कारखान्यातून निघाला तेव्हाचं आहे. त्यानंतर तो ट्रकमध्ये हादरे खात आला, कोणी आडवा टाकला, दोघांनी तिरपा करून सीलिंगमध्ये चढवला, आणि आतला कागद म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांचा, बोटाचा दाब लागला तरी चिरतो.

आधी आकडे समजून घ्या. एच-१३, एच-१४ हे हेपाचे दर्जे. एच-१४ म्हणजे ९९.९९५ टक्के कण अडवतो, म्हणजे १ लाख कण आले तर ५ निसटणार. एच-१३ मध्ये तेच ५० निसटतात. आणि हे मोजतात सगळ्यात जास्त निसटणाऱ्या साईजवर, जी साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या मधात असते. त्याच्यापेक्षा बारीक कण हवेच्या धक्क्याने भरकटत धाग्याला चिकटतात, मोठे कण सरळ जाऊन धाग्यावर आदळतात, मधले दोन्हीतून सुटतात.

आता जागेवरची टेस्ट. पहिले टॉर्च मारून कागद, फ्रेम, गॅस्केट (फ्रेमच्या कडेची फट बंद करणारी पट्टी) नीट बघा, मग हवेचा वेग घ्या. वेग बरोबर नसताना लीक टेस्ट केली तर ती कामाची नाही. फिल्टरपासून ६ इंचावर अ‍ॅनिमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजायचं यंत्र, धरून चार कोपरे आणि मधात अशी पाच रीडिंग घ्या, स्टराईल कामाच्या लॅमिनार फ्लोला (एकाच दिशेने सरळ वाहणाऱ्या हवेला) सरासरी ०.४५ मीटर प्रति सेकंद, २० टक्के वरखाली चालतं. साध्या रूमला एअर चेंज, म्हणजे तासाला रूमची हवा किती वेळा बदलते ते काढा: एकूण सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) गुणिले ६०, भागिले रूमचं घनफूट. १२ बाय १० ची, १० फूट उंच रूम आणि ६०० सीएफएम असेल तर तासाला ३० चेंज झाले.

मग मुख्य काम, पीएओ टेस्ट, म्हणजे पीएओ नावाच्या तेलाच्या धुराने लीक शोधणं. जुने लोक अजून डीओपीच म्हणतात पण ते जुनं डीओपी तेल आता बहुतेक जण वापरत नाहीत, तब्येतीला वाईट आहे. जनरेटरने तेलाचा बारीक धूर फिल्टरच्या वरच्या बाजूला सोडायचा आणि फोटोमीटरने, म्हणजे हवेतला धूर मोजणाऱ्या यंत्राने, तिथलं कॉन्सन्ट्रेशन बघायचं, लिटरला २० ते ८० मायक्रोग्रॅमच्या आसपास पाहिजे. ते स्थिर झालं की त्यालाच १०० टक्के सेट करा. राजेहो, घाई इथेच होते. वर धूरच पुरेसा नसेल तर खाली लीक दिसणार कुठून, सगळे फिल्टर पास होतील आणि रिपोर्ट खोटा निघेल.

नंतर फोटोमीटरचा प्रोब (हवा ओढणारी नळी) फिल्टरच्या खालच्या बाजूला १ इंचावर धरून सेकंदाला ५ सेंटीमीटरपेक्षा हळू फिरवा, एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढला पाहिजे. पूर्ण कागद झाला की फ्रेमच्या चारही बाजू आणि गॅस्केटची लाईन वेगळी फिरवा, हे अजिबात सोडू नका. वरच्या धुराच्या ०.०१ टक्क्याच्या वर गेलं की लीक.

एका ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मी हे डोळ्याने पाहिलं आहे. फिल्टर नवाकोरा, पूर्ण कागदावर रीडिंग ०.००२ च्या वर जाईना, आणि डावीकडच्या कोपऱ्यात फ्रेमजवळ प्रोब नेला की एकदम ०.०८. प्रोब तिथेच थांबवला तरी आकडा खाली येईना. बोल्ट कसले, तरी तेच. शेवटी फिल्टर उतरवला तर गॅस्केटचे दोन तुकडे कोपऱ्यात नुसते टेकवलेले, मधात नखाएवढी फट. ज्या टेबलावर माणसाचं पोट उघडं असतं त्याच्या बरोबर वर. नवीन गॅस्केट लावून परत फिरवलं तेव्हा ०.००१ आलं. कागदाला बारीक छिद्र असेल तर सिलिकॉन लावता येतं, पण सुकल्यावर तीच जागा पुन्हा स्कॅन करायचीच, आणि चीर मोठी असेल तर फिल्टरच बदला.

फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक दाखवणारं प्रेशर गेज रोज लिहून ठेवा. सुरुवातीच्या रीडिंगच्या दुप्पट झालं की फिल्टर बदलायची वेळ आली. अचानक पडलं तर आधी ब्लोअरचा पट्टा बघा, मग फिल्टर फाटला काय ते बघा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये सावरीचा कापूस उडतो, त्यात धुळीचं वादळ आलं की प्रीफिल्टर (हेपाच्या आधीचा जाड धूळ अडवणारा फिल्टर) काही दिवसात भरतो, तेव्हा तो आठवड्याला काढून धुवा. हेपा मात्र कधीच धुवायचा नाही, एअरगनही मारायची नाही, बाप्पा, असं करणारे अजून भेटतात!

औषध कारखान्यात रूमचे स्वच्छतेनुसार ए ते डी ग्रेड असतात, ए सगळ्यात स्वच्छ. ए आणि बी ग्रेडच्या रूमची टेस्ट ६ महिन्यांनी, सी आणि डी ची वर्षातून एकदा करून घ्या, आणि मधात कधी सीलिंग उघडलं किंवा पावसाळ्यात वरून पाणी गळलं, तर तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात.