रोजच्या वीस मिनिटांत आइसलँडिक: मराठी भाषकाने वेळ कोठे द्यावा

रेक्याविकमध्ये नोकरी आणि घर सांभाळून आइसलँडिक शिकणाऱ्याच्या हाती दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ क्वचितच उरतो, त्यामुळे कोणता भाग तूर्त बाजूला ठेवायचा, हे आधी ठरवावे लागते. माझा अनुभव असा की मराठी भाषकाला या भाषेतील बरेच काही आयते मिळते आणि खरी अडचण एकाच ठिकाणी दडलेली असते.

तीन लिंगे आणि त्यांनुसार बदलणारी विशेषणे आपल्या अंगवळणी पडलेली असतात. 'दोघे, दोघी, दोन' असा भेद करणाऱ्याला 'थ्वेइर, थ्वाइर, थ्वो' हा भेद परका वाटत नाही. मात्र तेथे एक ते चार हे आकडे विभक्तीप्रमाणेही रूप बदलतात. 'मला थंडी वाजते' म्हणणाऱ्याला 'म्येर एर खाल्त' या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत का, हा प्रश्न पडत नाही. उच्चारांतही आपली अल्पप्राण-महाप्राणांची सवय उपयोगी पडते, कारण शब्दारंभी लिहिलेला 'बी' आपल्या प-च्या जवळचा आणि 'पी' हा 'फळ' म्हणताना ओठ मिटून उच्चारलेल्या फ-च्या जवळचा असतो. 'डी' आणि 'टी' यांचे नाते त आणि थ यांच्यासारखे आहे. या सर्व भागावर सुरुवातीचे काही दिवस पुरेत.

अडचण आहे ती द्वितीया आणि चतुर्थी यांची. आइसलँडिकमध्ये प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी अशा चारच विभक्ती आहेत, परंतु शाळेत पाठ केलेले 'स, ला, ते' हे प्रत्यय मराठीत द्वितीयेला आणि चतुर्थीला सारखेच असल्यामुळे हा फरक आपल्या कानाला जाणवतच नाही. 'मी त्याला पाहतो' आणि 'मी त्याला मदत करतो' या दोन्हींत आपण 'त्याला' म्हणतो; तेथे पहिल्या वाक्यात 'हान' आणि दुसऱ्यात 'होनुम' येते. 'दुकानात जातो' आणि 'दुकानात आहे' यांतही आपले रूप एकच, तर तेथे जाताना 'ई पूदिना' आणि असताना 'ई पूदिन्नी'. 'मला हवेसे वाटते' या अर्थाच्या क्रियापदापुढे 'मिग' ही द्वितीया अपेक्षित असते, परंतु अनेक आइसलँडिक लोकही तेथे चतुर्थीतले 'म्येर' वापरतात आणि शाळेत त्यांना ते सुधारायला लावले जाते, हे कळल्यावर नवशिक्याला थोडा धीर येतो.

म्हणून सुटे शब्द पाठ करण्याऐवजी क्रियापद किंवा शब्दयोगी अव्यय त्याच्या पुढच्या नामासकट, पूर्ण वाक्यात लिहून मोठ्याने म्हणावे, असे मी आग्रहाने सांगेन. रोज नवी तीन-चार वाक्ये आणि जुन्यांची उजळणी, एवढे पुरेसे आहे. नामांचे सगळे तक्ते घोकणे मी अनावश्यक मानतो. एखादे रूप अडले की आर्नी माग्नूसॉन संस्थेच्या शब्दरूपांच्या खुल्या संग्रहात ते क्षणात सापडते. पायाभरणीसाठी आइसलँड विद्यापीठाचा 2004 पासून चालणारा 'आइसलँडिक ऑनलाइन' हा मोफत अभ्यासक्रम घ्यावा, आणि त्यातील ध्वनिमुद्रणे बसमध्ये पुन्हा पुन्हा ऐकावीत. 'रुव' या राष्ट्रीय प्रसारण संस्थेचे लहान मुलांचे कार्यक्रम त्यानंतर सोपे जातात. बातम्या मात्र पहिल्या वर्षी समजल्या नाहीत तरी चालेल.

बोलण्याचा सराव सर्वांत दुर्मीळ, कारण तेथील बहुतेक लोक उत्तम इंग्रजी बोलतात आणि आपण अडखळताच सौजन्याने इंग्रजीकडे वळतात. अशा वेळी आपण आइसलँडिकच बोलत राहावे आणि समोरच्यालाही तशी विनंती करावी. सार्वजनिक जलतरण तलावांतील गरम पाण्याच्या कुंडांत लोक निवांत गप्पा मारतात. तेथे ऐकायला भरपूर मिळते. आठवड्यातून एकदा बोलणारा कोणी मिळाला, तर त्या दिवशीचा लेखी अभ्यास खुशाल सोडावा.