कर्ज समितीत शंका बोलली जावी म्हणून: पतसंस्थांसाठी कामाची पद्धत

पतसंस्थेचं किंवा नागरी बँकेचं मोठं कर्ज बुडतं तेव्हा फाईल बऱ्याचदा पूर्ण असते. सातबारा आहे, मूल्यांकन आहे, दोन जामीनदार आहेत. नसतो तो समितीतल्या दोघा-तिघांच्या मनातला संशय, कारण तो कुणी बोललेलाच नसतो. सांगलीसारख्या गावात अर्जदार कुणाचा तरी पाहुणा निघतो, आणि अध्यक्षांनी आधीच ‘माणूस चांगला आहे’ म्हटलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखायची होती. उत्तर डोळ्यांना दिसत असूनही बाकीच्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं की पुष्कळ लोक तेच म्हणत. पण दुसऱ्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे दडपण एकदम कमी होई. ‘मोकळेपणाने बोला’ असा ठराव करून उपयोग नाही. पहिलं वेगळं मत बाहेर येईल अशी बैठकीची रचना हवी.

बैठकीच्या दोन दिवस आधी सर्वांना कागद द्या. प्रत्येक सदस्याने अर्ध्या पानावर तीन गोष्टी लिहायच्या: होय, नाही की अटींवर, सर्वांत मोठी काळजी कोणती, आणि अशी शंभर कर्जं दिली तर किती थकतील याचा अंदाज, आकड्यात. हा कागद सभागृहात शिरण्यापूर्वी बंद पाकिटात व्यवस्थापकाकडे जातो आणि नाव न घेता वाचला जातो. मग चर्चा. सर्वांत नवा सदस्य आधी बोलतो, अध्यक्ष सर्वांत शेवटी. हे दोन ठिकाणी फसतं. एक, कागद चहा घेता घेता शेजाऱ्याचा बघून भरला जातो. दुसरं, अध्यक्षांचा आदल्या दिवशी फोन गेलेला असतो. तो फोन बंद करण्याची तयारी नसेल तर पाकिटं छापूच नका.

मोठ्या रकमेच्या प्रस्तावांना आणखी पंधरा मिनिटं द्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाईन यांनी २००७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. सगळ्यांना सांगायचं: ‘तीन वर्षं झाली आहेत, हे कर्ज बुडालं आहे. का बुडालं ते लिहा.’ पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. नंतर प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक कारण वाचायचं, कारणं संपेपर्यंत. ‘काय धोका आहे?’ असं विचारलं की शंका काढणारा आडमुठा वाटतो. ‘बुडालं आहे’ असं गृहीत धरलं की कारण शोधणारा हुशार ठरतो. म्हणून ही पद्धत चालते.

समजा मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्याला मालतारण कॅश क्रेडिट, म्हणजे गोदामातला माल तारण ठेवून लागेल तसे पैसे उचलण्याची सोय, हवं आहे. कारणं अशी निघतील: भाव पडला, मालाला कीड लागली, तोच माल दुसऱ्या संस्थेकडेही तारण होता, गोदामात पुराचं पाणी शिरलं. शेवटचं कारण सांगलीत हसण्यावारी नेता येत नाही. तिथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता प्रत्येक गंभीर कारणासमोर एक अट, एक नाव, एक तारीख लिहा: २०१९ च्या पूररेषेच्या तुलनेत गोदामाची जमीन किती उंचावर आहे हे कोण मोजणार, विम्यात पूर आहे का हे कोण वाचणार, पोती कोण मोजणार आणि कधी. हे लिहिलं नाही तर पंधरा मिनिटं वाया गेली समजा.

खरं नुकसान मात्र मंजुरीनंतर वाढतं, ‘नवं-जुनं’ करण्यात. मार्च आला की जुनं कर्ज भरून घ्यायचं आणि त्याच माणसाला, किंवा त्याच्या भावाला, नवं द्यायचं. यामागे प्रत्येक वेळी लबाडी असतेच असं नाही. ज्याने सही केली त्याला आपला निर्णय चुकला हे दिसणंच अवघड जातं. संशोधक बॅरी स्टॉ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या बँकांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. वरचे अधिकारी बदलले की बुडीत कर्जांसाठीची तरतूद आणि निर्लेखन (वसूल न होणारं कर्ज हिशेबातून काढणं) वाढतं, असं त्यात दिसलं. कर्जं तीच, बघणारा नवा.

म्हणून मंजुरीच्या दिवशीच थांबण्याच्या खुणा लिहून ठेवा. उदाहरणार्थ: लागोपाठ दोन हप्ते चुकले, स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचा तक्ता) १५ दिवस उशिरा आलं, जीएसटी विवरणातली उलाढाल सांगितलेल्या आकड्याच्या ६० टक्क्यांखाली गेली. दोन खुणा जुळल्या की फाईल आपोआप दुसऱ्या शाखेच्या अधिकाऱ्याकडे जाते, मंजुरीत सही नसलेल्या. त्यासाठी परवानगी लागता कामा नये. लागली तर ती कुणी मागणार नाही. त्या अधिकाऱ्याचा अहवाल थेट संचालक मंडळापुढे जावा. आणि जुनं खातं बंद झाल्यापासून ३० दिवसांत त्याच कुटुंबाला दिलेलं प्रत्येक कर्ज वेगळ्या रजिस्टरला चढवा. नीट पद्धतीने दिलेलं कर्ज बुडालं म्हणून अधिकाऱ्याला शिक्षा करू नका. शिक्षा लपवण्याला ठेवा, नाहीतर सगळेच लपवायला शिकतील.

वसुलीत वेळ महत्त्वाची. शेतकऱ्याला दर महिन्याच्या एक तारखेचा हप्ता लावणं म्हणजे थकबाकी स्वतः तयार करणं. द्राक्ष, बेदाणा आणि हळदीचा पैसा साधारण जानेवारी ते मे यांत येतो. उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) कायद्याने ऊस गेल्यावर १४ दिवसांत मिळायला हवी; प्रत्यक्षात बिल कधी जमा होतं ते कारखान्यागणिक बघून तारीख ठरवा. आठवण करून देताना ‘कधी भराल?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कोणत्या पैशातून, कोणत्या दिवशी, शाखेत की खात्यावर?’ हे विचारून उत्तर त्यांच्यासमोर लिहा. कधी, कुठे, कसं हे ठरलेलं काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. चौकात थकबाकीदारांच्या नावांचा फलक लावू नका. अब्रू गेली की माणूस शाखेची पायरी चढत नाही, आणि मग सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून जप्तीच्या मागे धावावं लागतं.

कर्मचाऱ्यांसाठी नियम थोडे, पण पक्के. कॅशमध्ये फरक आला आणि त्याच दिवशी सांगितला तर कारवाई नाही. नंतर सापडला तर कारवाई. पाचशे रुपये तुटले की न विचारता पगारातून कापणाऱ्या शाखेत रोखपाल खिशातून भरून गप्प बसतो, आणि चूक कुठे वारंवार होते ते कधीच कळत नाही. पिग्मीच्या (एजंट रोज फिरून गोळा करतो त्या छोट्या बचतीच्या) प्रत्येक खात्याला एसएमएस आपोआप सुरू असावा, नको असेल त्याने सही करून बंद करावा. दर महिन्याला प्रत्येक एजंटच्या दहा खातेदारांना दुसऱ्या कुणीतरी फोन करून शिल्लक जुळवावी. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवा, आधी न सांगता.

पाकिटातले अंदाजाचे कागद फाडू नका. नावासह बंद ठेवा आणि वर्षाने प्रत्यक्ष थकबाकीशी ताडून पाहा. ज्याचे आकडे जवळ येतात त्याचं मत पुढच्या बैठकीत आधी ऐका, मग तो संचालक असो वा कनिष्ठ लिपिक.